नवीन घरासाठी आणि रोजच्या वापरासाठी चांगल्या डिझाइनच्या वस्तू – काय घ्यावं, घेताना काय बघावं?

मेघना_ठाणे

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आत आम्ही घोडबंदर रोडच्या नवीन घरात राहायला जातोय, टू बीएचके आहे, साधारण साडेसहाशे कार्पेट. सुतारकाम सगळं उरकलंय (वॉर्डरोब, बेड, किचनच्या ट्रॉल्या), आता सुट्या वस्तू राहिल्यात. म्हणजे दिवे, पंखे, भिंतीवरचं घड्याळ, हॉलमध्ये सोफ्याच्या समोर एक-दोन खुर्च्या, खाली टाकायला काहीतरी, डायनिंग टेबलवर पाण्यासाठी जग वगैरे. सगळं मिळून दीड-पावणेदोन लाखांत बसवायचंय.

इन्स्टावर बघून बघून डोकं भणभणलंय. प्रत्येक रीलमध्ये तेच, लाटेसारखी कड असलेला आरसा, मशरूमच्या आकाराचा दिवा, पांढऱ्या गुबगुबीत कापडाची गोल खुर्ची. दिसतं छान, पण आमच्या इथे समोर मेट्रोचं काम चालू आहे, सकाळी पुसलेल्या टेबलवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं, तिथे पांढरी खुर्ची किती दिवस पांढरी राहणार? आणि एका दुकानात (नाव घेत नाही) एक दिवा साडेआठ हजाराला सांगितला, उलटा करून बघितला तर आतला एलईडी चिकटवलेला, बदलताच येत नाही. विचारलं तर म्हणे मॅडम तोपर्यंत तुम्हालाच नवीन घ्यावासा वाटेल.

मला तसं नकोय. दहा-पंधरा वर्षं रोज वापरताना बरं वाटेल असं हवंय, मॉडर्नच हवंय, आजीच्या वाड्याचा सेट लावल्यासारखं घर नको. आणि सोबत दोन वैयक्तिक गोष्टी पण आहेत, नवऱ्याला चाळिसाव्या वाढदिवसाला घड्याळ द्यायचंय आणि मला ऑफिसची बॅग घ्यायची आहे. जाणकारांनी हात सैल सोडून लिहा, मी सगळं वाचणार आहे.

निखिल वि.

मेघना, सगळ्यात आधी उजेडाचं बघा, बाकीचं नंतर. खुर्ची कितीही भारी आणली आणि वर ६५०० केल्विनचा पांढराफटक उजेड असला तर हॉल दवाखान्याच्या वेटिंग रूमसारखा दिसणार. आपल्याकडे बिल्डर आणि पीओपीवाले मिळून छतात आठ-दहा पॅनल लाइट ठोकून देतात, सगळा उजेड वरून, सगळीकडे सारखा, माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात. ते असू देत, झाडलोट करताना लागतात. पण संध्याकाळी बसायला दोन-तीन दिवे खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्या आसपास असले पाहिजेत, २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे. आणि बल्बच्या खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) लिहिलेला असतो तो बघा, ९० च्या वरचा घ्या. ८० वाल्या बल्बखाली भाजीतला टोमॅटो आणि साडीचा लाल रंग दोन्ही मळकट दिसतात, एकदा दोन्ही बल्ब शेजारी लावून बघा मग कोणी समजवायची गरज पडत नाही.

तुम्ही दिवा उलटा करून बघितलात ते एकदम बरोबर केलंत. साधा होल्डर असलेलाच दिवा घ्यायचा. बाहेरचे बरेच दिवे आट्यांच्या होल्डरचे येतात, ई२७, आपल्याकडे घरात पिनवाला बी२२ जास्त, पण आट्यांचे बल्ब आता कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

आता नेमकी वस्तू सांगायची तर कागदाचा दिवा. इसामु नोगुची नावाचा शिल्पकार १९५१ मध्ये जपानमधल्या गिफू गावी गेला होता, तिथे नदीवर रात्री मासेमारी चालते, त्यासाठी आणि सणांसाठी कंदील करणारे कारागीर होते, धंदा बसत चालला होता. तिथल्या महापौरांनी त्याला काहीतरी करा म्हणून गळ घातली. त्याने त्याच कारागिरांकडून त्याच पद्धतीने विजेच्या बल्बसाठी दिवे करून घेतले, त्यांचं नाव आकारी. करायची रीत बघण्यासारखी आहे, लाकडाच्या सुट्या फाकांचा एक साचा उभा करतात, त्याच्यावर बांबूची बारीक पट्टी गोल गोल गुंडाळत नेतात, वरून तुतीच्या सालीच्या कागदाच्या पट्ट्या चिकटवतात, वाळलं की आतल्या फाका एकेक करून काढून घेतात. मग तो दिवा दाबून चपटा होतो आणि पाकिटात मावतो. ओरिजिनल महाग आहेत, पण मुद्दा असा की हे काम आपल्याला परकं नाही. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन आकाशकंदील करणारी माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. ठाण्या-दादरला दिवाळीआधी जे लोक हातचे कंदील करून विकतात त्यांच्यापैकी कुणाला तरी गाठा, पांढऱ्या हँडमेड कागदाचा, झालर-शेपट्या नसलेला, दीड-दोन फुटी गोल करून मागा. आत नऊ वॉटचा एलईडी, जास्त नको कारण कागद आहे. धूळ बसते, मऊ पिसांच्या झाडणीने झाडायचं, आणि तीन-चार वर्षांनी नुसता कागद बदलून घ्यायचा, सांगाडा तोच.

पंख्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. आपल्या घरात छताच्या मधोमध सतत डोळ्यांसमोर असलेली वस्तू म्हणजे पंखा, आणि तोच आपण सगळ्यात शेवटी इलेक्ट्रिशियनला "आण रे कुठलाही" म्हणून सांगतो. सोनेरी पट्ट्या, फुलं, चमकणाऱ्या रिंगा नसलेला, छताच्याच रंगाचा मॅट पंखा घ्या, बीएलडीसी मोटरचा. जुना पंखा फुल स्पीडला सत्तर-पंच्याहत्तर वॉट खातो, हा तीसच्या आसपास. जानेवारी २०२३ पासून पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालंय त्यामुळे तुलना करणं सोपं आहे. फक्त रिमोटशिवाय भिंतीवरच्या बटणाने पण स्पीड कमी-जास्त होतो ना हे आधी विचारा, घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर रिमोट शोधत बसणं हा रोजचा ताप होतो.

अनघा_कसबा

निखिलच्या प्रतिसादाला +१, विशेषतः सीआरआयचं, हे कुणीच सांगत नाही.

पाण्याच्या जगाबद्दल विचारलंयस म्हणून लिहिते. पुण्याला येणं झालं तर एक सकाळ काढून कसबा पेठेत तांबट आळीत ये. पेशवाईत ही मंडळी कोकणातून पुण्यात आली आणि अजून तिथेच काम करतात, आळीत शिरायच्या आधी आवाज येतो. त्यांची खासियत म्हणजे मठारकाम, तांब्याच्या भांड्यावर हातोड्याने एकसारखे ठोके पाडत जातात. लोकांना वाटतं ती नुसती नक्षी आहे. तसं नाही, तांबं मुळात मऊ, ठोकलं की घट्ट होतं, त्यामुळे पातळ पत्र्याच्या भांड्याला सुद्धा सहज पोचे पडत नाहीत. म्हणजे जे दिसायला सुंदर आहे तेच भांड्याला ताकद देतंय, वेगळी सजावट अशी काही चिकटवलेलीच नाही. याला मी तरी चांगलं डिझाइन म्हणते.

घेताना भांडं पालथं करून बुडाकडे बघ. चांगल्या हाताचं असेल तर मध्यातून ठोक्यांची एक ओळ सुरू होते आणि गोल गोल फिरत बाहेर येते, एक ठोका दुसऱ्यावर चढत नाही आणि मध्ये सपाट जागा सुटत नाही. काठाशी येईपर्यंत ठोक्याचा आकार साधारण तोच. मशीनवर दाबून काढलेल्या मालात ठोके अगदी एकाच मापाचे असतात आणि आतून हात फिरवला की उलट्या बाजूला खळगे-उंचवटे तसेच्या तसे लागतात, हाताच्या कामात आतली बाजू बऱ्यापैकी गुळगुळीत असते.

आणि हो तुला वाड्याचा सेट नकोय ना, तर तिथे फक्त बंब आणि घंगाळीच मिळतात असं नाहीये. स्टुडिओ कॉपर नावाची पुण्यातली एक मंडळी याच तांबटांबरोबर काम करते, सरळ रेषांचे जग, ट्रे, दिव्यांच्या शेड असं आजच्या घरात शोभेल असं करतात. आळीत थेट कारागिराला कागदावर चित्र काढून दिलंस तरी करून देतात, फक्त घाई करायची नाही.

वापरायचं म्हणशील तर तांब्याच्या जगात पाणीच, लिंबू सरबत ताक कोकम अजिबात नाही. त्यासाठी कल्हई लागते आणि कल्हईवाला आता ठाण्यात मिळणं मुश्कील. चिंच-मीठ लावून घासलं की दोन मिनिटात लखलखतं, रोज नाही घासलं तरी चालतं, तपकिरी होत जातं ते पण मला आवडतं. बाहेरून लॅकर मारलेलं घेऊ नकोस, ते जागोजागी उडतं आणि मग भांडं कोड आल्यासारखं दिसतं.

प्रथमेश_आयडी

मी इंडस्ट्रियल डिझाइन शिकलोय आणि याच क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. अनघाताई, तांबट आळीबद्दल तुमचं म्हणणं पटलं, पण असे धागे दरवेळी तांबं-पितळ-माती-बांबूवर येऊन थांबतात आणि प्रश्न विचारणाऱ्याला खुर्ची हवी असते ती राहूनच जाते.

चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे फिरलं आणि १९५८ मध्ये त्यांनी इंडिया रिपोर्ट दिला, त्याच्यातूनच पुढे १९६१ ला अहमदाबादची एनआयडी (डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था) उभी राहिली. त्या रिपोर्टमध्ये त्यांनी लोट्याचं भरभरून कौतुक केलंय हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते कौतुक कशाचं आहे ते वाचा. हातात किती वजन येतं, कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, किंमत किती, फुटला-मोडला तर धातूचं काय करायचं, असे प्रश्नांमागून प्रश्न आहेत. म्हणजे लोटा आणा असं ते म्हणत नाहीयेत, प्रत्येक वस्तूला हे प्रश्न विचारा म्हणतायत. तेच प्रश्न स्टीलच्या कपाटाला विचारा. गोदरेजने १९२३ पासून स्टीलची कपाटं केली, आपल्या किती घरांत तीस-चाळीस वर्षांचं कपाट आजही तसंच चालतंय, हँडल फिरवलं की वर-खाली-बाजूला दांडे बसतात. किंवा हॉकिन्सचा कुकर, झाकण आतल्या बाजूने बसतं, आत वाफ आहे तोपर्यंत वाफेचाच दाब झाकणाला वर ढकलून धरतो, त्यामुळे घाईघाईत कुणी उघडू म्हटलं तरी उघडत नाही. सुरक्षितपणा आकारातच आहे, वेगळी सूचना लिहावी लागत नाही. हे मॉडर्न डिझाइन आहे, आपल्या ओट्यावर आहे.

आता खुर्चीचं. सध्या सगळीकडे "चंदीगड चेअर" दिसतेय, सागवानी, बाजूने उलट्या व्ही सारखे पाय आणि वेताची बैठक. पन्नासच्या दशकात चंदीगड उभं राहताना प्येर जानरे (चंदीगडचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाचा चुलतभाऊ) आणि त्याच्याबरोबरच्या लोकांनी सरकारी ऑफिसं, कॉलेजं, कोर्टांसाठी हे फर्निचर केलं. सरकारी कामाला हजारोंनी लागणारं, स्थानिक सुताराला करता येईल असं, स्थानिक लाकडात. पुढे ते भंगारात लिलाव होत गेलं आणि तेच परदेशातल्या लिलावात लाखोंना विकलं गेलं, शेवटी २०११ मध्ये केंद्र सरकारने या वारसा फर्निचरच्या विक्री आणि निर्यातीवर बंदी घातली. ओरिजिनल आपल्याला नकोच आहे. नव्याने केलेल्या भरपूर मिळतात पण निम्म्याअधिक वाईट असतात. दुकानात गेलात की हे करा:

बसा, आणि हातावर जोर देऊन थोडं डावी-उजवीकडे हला. करकर आली तर सोडून द्या. व्हीचे दोन पाय वर जिथे मिळतात तिथे नख फिरवा, फट लागली की समजायचं आत साल-कुसू (लाकडात लाकूड खोचून केलेला सांधा) नाहीये, नुसता स्क्रू आणि पुट्टी आहे. खुर्ची उलटी करा, वेत हाताने विणलेला असेल तर चौकटीला भोकं पाडून त्यातून ओवलेला दिसतो, तयार जाळीचा रोल आणून खाचेत पट्टीने दाबून बसवलेला असेल तर एक अखंड पट्टी दिसेल. दुसरं वाईट असतंच असं नाही, पण फाटलं तर ते पूर्ण काढावं लागतं. आणि वेत कालांतराने सैल पडला तर घाबरू नका, खालच्या बाजूने ओल्या फडक्याने चांगला भिजवायचा आणि रात्रभर वाळू द्यायचा, सुकताना आवळतो. पांढऱ्या गुबगुबीत खुर्चीपेक्षा हे तुमच्या धुळीच्या जागी कितीतरी सोयीचं, कपड्याने पुसलं की झालं.

डायनिंगसाठी लागल्याच तर वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या, थोनेट या जुन्या युरोपियन फर्निचर कंपनीच्या १४ नंबरच्या जातीच्या खुर्च्या बघा. १८५९ ची डिझाइन, सहा तुकडे लाकूड, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या करून एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावायच्या. मुंबई-पुण्याच्या इराण्यांकडे चहा प्यायलेल्या प्रत्येकाने या घराण्यातल्या खुर्चीवर बसून घेतलेलं आहे. हलकी असते, आठ वर्षांचं पोर सुद्धा उचलून बाजूला ठेवतं, छोट्या हॉलमध्ये याला फार किंमत आहे.

अनघा_कसबा

प्रथमेश, प्रश्न विचारायचे हे मान्यच. पण "तांब्यावर येऊन थांबतात" हे मान्य नाही रे. ज्या कारागिराचा पत्ता आपल्याला माहीत आहे, वस्तू बिघडली तर ज्याच्याकडे परत जाता येतं, ती गोष्ट पण डिझाइनच्या हिशोबात धरायला हवी. तू वर वेत परत आवळायची रीत सांगितलीस ती माझ्या बाजूचीच आहे :)

मेघना_ठाणे

अरे किती छान लिहिलंय सगळ्यांनी! प्रथमेशदादा, खुर्ची उलटी करायची यादी प्रिंट काढून पर्समध्ये ठेवते. कंदीलवाल्याची आयडिया तर फारच आवडली, दादरला रविवारी जाणारच आहोत. घड्याळ आणि बॅगेबद्दल पण सांगा ना कुणीतरी. घड्याळाला बजेट पंधरा हजारापर्यंत. तो स्मार्टवॉच वापरत नाही, मनगट बारीक आहे, शर्टाच्या बाहीत अडकणारं नको म्हणतो. बॅग मात्र रोज ठाणे-कुर्ला लोकलने प्रवास आहे हे धरून सांगा, लॅपटॉप चौदा इंची.

काटा_मिनिटाचा

घड्याळावर लिहायचं म्हटलं की राहवत नाही. बारीक मनगट आणि बाहीत न अडकणारं म्हटल्यावर एकच नाव, टायटन एज. २००२ मध्ये आलं तेव्हा पूर्ण घड्याळ ३.५ मिलिमीटर जाड होतं आणि आतलं क्वार्ट्‌झ मूव्हमेंट (म्हणजे बॅटरीवर चालणारं यंत्र) १.१५ मिलिमीटर. हे भारतात, आपल्या लोकांनी घडवलेलं. बाजूने धरून बघा, दोन नाणी एकावर एक ठेवल्याइतकंसुद्धा जाड वाटत नाही. तरी पाण्याचे शिंतोडे सोसतं, आणि एवढ्या पातळ डबीत पाणी शिरू न देणं हेच सगळ्यात अवघड काम होतं. बाजारात एजचे आता बरेच प्रकार आहेत, काहींवर खडे-बिडे लावलेत, तुम्ही साधी डायल, नुसत्या रेघा, चामड्याचा पट्टा असलेलं घ्या. तुमच्या बजेटमध्ये नेमकं कुठलं बसतं ते शोरूममध्ये विचारा, सणात सवलत असते.

ज्यांना चावीचं आवडतं त्यांच्यासाठी एचएमटी. १९६१ पासून बेंगळुरूला सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं बनायला लागली, जनता हे मॉडेल तर शाळामास्तरांपासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या हातात होतं. २०१६ ला कारखाना बंद झाला. जुनी म्हणून ऑनलाइन जी विकतात त्यात भडक निळी-हिरवी-नारिंगी डायल दिसली तर ती बहुतेक वेळा नंतर रंगवलेली असते. घरात आजोबांचं पडलं असेल तर मात्र चांगल्या कारागिराकडून साफ करून घ्या, मोठ्या वाढदिवसाला यापेक्षा चांगली भेट कुठली.

आणि अगदी कमी पैशात निर्दोष डिझाइन बघायचं असेल तर कॅसिओ एफ-९१डब्ल्यू, १९८९ पासून जवळपास तसंच मिळतंय, वजन २१ ग्रॅम, बॅटरी सात वर्षं धरून चाला. पोराला पहिलं घड्याळ म्हणून हेच द्यावं.

स्वराली_झुरिक

भिंतीवरचं घड्याळ पण विचारलंय ना मेघनाने, ते राहिलं. मी झुरिकला राहते आणि रोज स्टेशनवर ते घड्याळ बघते त्यामुळे त्याच्याविषयी लिहिते. पांढरी तबकडी, आकडे नाहीत, जाड काळ्या रेघा, आणि लाल सेकंद काटा ज्याच्या टोकाला गोल चकती आहे. हान्स हिल्फिकर नावाच्या रेल्वेच्या इंजिनिअरने १९४४ ला केलं, लाल काटा १९५३ मध्ये आला. तो काटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदात फेरी मारतो आणि बारावर येऊन थांबतो, मुख्य घड्याळाकडून इशारा आला की मिनिट काटा टपकन पुढे सरकतो आणि मग हा परत निघतो. सगळ्या स्टेशनांवर एकच वेळ राहावी म्हणून ही व्यवस्था. त्याचं घरगुती आणि मनगटी रूप मोंडेन कंपनी १९८६ पासून विकते, पण तिकडे महागात पडेल. त्याच्यातून घ्यायचं ते हे की लांबून वाचता आलं पाहिजे. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, किचनच्या दारात उभं राहून वेळ कळली पाहिजे. इथे येणाऱ्या आपल्या पाहुण्यांकडे जे फोटो असतात त्यातली नवीन घरांतली घड्याळं बघते मी, सोनेरी तबकडीवर सोनेरी काटे, काही दिसतच नाही. पांढऱ्यावर काळं किंवा काळ्यावर पांढरं, मॅट, काचेवर झगमगाट नाही, आणि टिकटिक न करणारं सरकत्या काट्याचं मशीन, एवढं बघितलं की हजार-दीड हजारात सुद्धा छान मिळतं.

बॅगेचं. इथे १९९३ मध्ये फ्रायटाग नावाच्या दोन भावांनी ट्रकवरच्या जुन्या ताडपत्रीच्या बॅगा शिवायला घेतल्या, खांद्याला गाडीचा सीटबेल्ट आणि कडेला सायकलची जुनी ट्यूब. पावसात सायकलवरून जाताना कागद भिजू नयेत एवढीच गरज होती. तोच विचार मुंबईच्या पावसाला लागू आहे. तिकडे पुण्यात रीचरखा म्हणून काम चालतं, टाकाऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या-वेष्टनांच्या पट्ट्या कापून चरख्यावर घेतात आणि हातमागावर विणून कापड करतात, त्याच्या बॅगा मी मागच्या वेळी येताना मैत्रिणींसाठी घेऊन आले, सगळ्यांनी विचारलं कुठली म्हणून.

पण लोकलसाठी म्हणून घेताना दिसण्याच्या आधी हे बघ: रिकाम्या बॅगेचं वजन आठशे ग्रॅमच्या वर नको. पट्टा जिथे बॅगेला शिवलाय तिथे चौकट आणि तिच्यात फुली अशी दुहेरी शिलाई हवी, तिथेच सगळ्यात आधी उसवतं. आतलं अस्तर फिक्या रंगाचं हवं, काळ्या अस्तरात किल्ली-पास-हेडफोन काही सापडत नाही. गर्दीत पुढे घेऊन उभं राहायचं असतं तर मोबाईल-पासचा कप्पा पाठीला लागणाऱ्या बाजूला पाहिजे, म्हणजे पुढे घेतली की तो अंगाशी येतो. आणि चेन एका हाताने उघडते का ते दुकानातच बघ, दुसऱ्या हाताने तर दांडा धरलेला असणार ना.

रंकाळा

बॅग-घड्याळ झालं, पायात काय? कोल्हापूरकर आहे, बोलणारच. जून २०२५ ला मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली आणि केवढा गदारोळ झाला सगळ्यांनी वाचलंच असेल, नंतर कंपनीने ती भारतीय पारंपरिक पादत्राणांवरून प्रेरित असल्याचं मान्यही केलं. माझं म्हणणं एवढंच आहे की तिकडच्या लोकांना जे दिसलं ते आपण पण नीट बघूया. कोल्हापुरीत खिळा नाही, चामड्याच्याच वादीने शिवतात. कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे मिळून आठ जिल्हे. सरळ पँटवर, कॉटनच्या साडीवर, जीन्सवर, कशावरही जाते, गोंडे-जर नसलेली साधी घ्यायची, पातळ तळाची, कान बारीक असलेली. पहिले आठ-दहा दिवस चावते, आतून खोबरेल लावून ठेवा. पावसाळ्यात मात्र बाहेर काढू नका, भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात टाकली की कडक होऊन तडकते.

आणि मेघनाताई खाली टाकायला काहीतरी म्हणालात, तर घोंगडं बघा की! दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, न रंगवलेलं काळं-करडं, कडेला एखादी पांढरी रेघ. त्याच्या ताण्याला (उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ लावतात त्यामुळे सुरुवातीला ताठ असतं, जमिनीवर सरकत नाही, सुरकुतत नाही. काळं असल्यामुळे तुमच्या धुळीचं पण टेन्शन कमी, बाल्कनीत नेऊन झटकलं की झालं. टोचतं खरं, लहान बाळ रांगत असेल तर नको. कोल्हापूर-सांगली-सोलापूर भागात विणणारे सनगर अजून आहेत, हॉलच्या मापाचं सांगून विणून घेता येतं, पण हातमागाचा पन्हा अरुंद असतो म्हणून मोठं हवं असेल तर दोन पट्टे मध्ये जोडून देतात, तो जोड दिसतो. मला तो दिसलेलाच आवडतो.

निखिल वि.

घोंगड्याला जोरदार अनुमोदन. काळ्या घोंगड्यावर सागवानी-वेताची खुर्ची आणि शेजारी कागदाचा दिवा, हॉल झाला की तुमचा. अजून काही आणूच नका सहा महिने.

मेघना_ठाणे

रविवारी दादरला जाऊन आलो. एका काकांनी कंदील करून द्यायचं कबूल केलंय, वीस इंची गोल, कागद आम्ही आणून द्यायचा. ते आधी म्हणाले झालर नाही तर कंदील कसला, मग फोनवर आकारीचा फोटो दाखवला तर नीट मोठा करून बघितला आणि म्हणाले कामट्या उभ्या नाही आडव्या फिरवायला लागतील, वेळ लागेल पण जमेल. टायटन एज पण बघितलं, काळ्या पट्ट्याचं, घेऊन टाकलं. बॅगेला अजून वेळ आहे, स्वरालीने सांगितलेला मागचा कप्पा कुठल्याच बॅगेत मिळेना!

खुर्च्या शनिवारी बघतोय. एक शंका, बैठकीची उंची किती असावी? सोफा सतरा इंची आहे, आणि सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे.

प्रथमेश_आयडी

मेघना, मग आरामखुर्चीचा प्रकार नको, तिची बैठक बरीच खाली आणि मागे कललेली असते, सासूबाईंना उठताना त्रास होईल. चंदीगड चेअरच्याच घराण्यातली ऑफिसची सरळ, हात असलेली खुर्ची येते ती बघा, बैठक साडेसतरा-अठरा इंच, हातांची उंची बैठकीपासून आठ-नऊ इंच. शनिवारी त्यांना सोबतच घेऊन जा, पाच मिनिटं बसू द्या आणि कुणाचा हात न धरता उठता येतंय का बघा. वेताच्या बैठकीवर उशी ठेवणार असाल तर उशीची जाडी धरून माप घ्या, दुकानदार नेहमी बिनउशीचं सांगतात.